डाव्या तळहातावर

संगमेश अकरावीत गेला तेव्हा आम्ही दोघं उदगीरहून लातूरला आलो, खोली करून राहिलो. त्याचे वडील दुकानामुळं तिकडंच थांबले. मी त्याचं जेवणखाण आणि क्लासच्या वेळा सांभाळायची. माझा नेम तेवढा मोडला नाही. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, नजर न हलवता पूजा करायची, त्याशिवाय पाणी नाही.

बारावीच्या श्रावणात तोच म्हणाला, "मम्मी, उद्यापासून मीबी लिंगपूजा करतो. आतल्या खोलीत, दार लोटून."

मला काय वाटलं असेल! आमच्यात पूजेला बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. मी त्या वेळेत कुकरसुद्धा लावत नसे. आधी पंधरा मिनिटं बसायचा, मग अर्धा तास, पुढं पुढं तर क्लासची वेळ टळून जायची. उशिरा का होईना, दप्तर घेऊन निघायचा.

घरमालकीण तुळजाबाई जिन्यात हसायच्या. "शिवकन्याबाई, लेकराला डाक्टर करायलाव का मठाचा स्वामी?"

"डाक्टर झाला तरी लिंग सोडायचा न्हाई तो," मी म्हणायची, आणि दिवसभर त्याच वाक्यावर खूश असायची.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्याची विभूती माझ्याच ताटात राहिली. द्यायला म्हणून आवाज न करता दार ढकललं. त्याची पाठ माझ्याकडं. मान खाली, डावा हात छातीशी, अंग स्थिर. अगदी माझ्या सासऱ्यांची बैठक. माझे हात आपोआप जोडले गेले.

विभूती द्यायला पुढं झाले, तेव्हा त्याचा उजवा अंगठा दिसला. भराभर फिरत होता. तळहातावर मोबाइल होता, त्यात लढाईचा गेम, आणि चेहऱ्यावर त्याचा निळा उजेड. लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट खिडकीच्या कडीला टांगलेली.

मी मोबाइल ओढला. त्यानं मला ढकललं. विभूती फरशीवर सांडली.

"टीम मेली ना माझी! तुझ्यामुळं!" तो ओरडला. मी पडले होते, ते त्याला दिसलंच नाही.

क्लासमध्ये विचारलं. दसऱ्यापासून तो गेलाच नव्हता. गैरहजेरीचे मेसेज त्याच्याच नंबरावर जात होते. फॉर्मवर पालकाचा नंबर म्हणून त्यानं तोच लिहिला होता.

त्याचे वडील आले, त्याचा मोबाइल घेऊन परत गेले. संगमेश जेवायचा थांबला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, धीर धरा म्हणाले. गोळ्या तो थुंकून टाकायचा. तिसऱ्या दिवशी भिंतीवर कपाळ आपटू लागला. जोरात नाही, हळूहळू, एका लयीत. मी मध्ये हात घातला, तर हातावर आपटत राहिला.

चौथ्या दिवशी मी पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं, पण नजर ठरेना. पलीकडून तो आवाज येतच होता. मी लिंग परत डबीत ठेवलं, उठले आणि माझा मोबाइल त्याच्यापुढं धरला.

त्यानं डावा हात पसरला.

भाताचे चार घास मी भरवले. त्यानं खाल्ले. घास कुणी भरवले ते पाहिलं नाही. कपाळावरची सूज तेवढी माझ्याकडं वळलेली होती.

मी दार लोटून बाहेर आले. तुळजाबाई जिन्यात उभ्या होत्या. "बरं हाय का हो लेकरू? आज एकदम शांत हाय."

"हळू बोला, बाई," मी म्हणाले, "पूजेला बसलाय."