पोटरी

भूकंपानंतरच्या वर्षी रेणुकादास सर नांदेडहून लातूरला भौतिकशास्त्र शिकवायला आले. क्लासेस वाढत गेले तशा त्यांच्या बॅचेसही वाढल्या. पहाटे बॅच, दिवसा कॉलेज, संध्याकाळी पुन्हा बॅच. त्यांची बायको विशाखा दुसऱ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. एकजण चपला काढत असताना दुसरा घालत असायचा, तेवढीच दोघांची भेट.

पन्नाशीच्या आतच सरांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज थोडं पळा. पण आधी चाला, अंग मोकळं करा. एकदम सुटू नका."

सरांनी बूट आणले. पहाटेची बॅच सुटल्यावर ते थेट मैदानावर गेले. चार तास फळ्यासमोर उभं राहून पाय लाकडासारखे झालेले. चालत बसायला वेळ नव्हता, कॉलेज गाठायचं होतं. गेटातून आत शिरले आणि पळतच सुटले. अर्धी फेरीही झाली नाही, तोच पोटरीत तटकन काहीतरी तुटल्यासारखं झालं. ते मातीतच बसले.

रिक्षातून घरी आले तेव्हा विशाखा कुलूप लावत होती. त्यांना लंगडताना पाहून तिनं परत दार उघडलं.

"काय करून राहिलात हो हे?"

"तू जा. क्लासला मुलं येऊन बसली असतील."

"बसू द्या."

तिनं फडक्यात बर्फ गुंडाळला, त्यांचा पाय मांडीवर घेतला. ती म्हणाली, "रोज फळ्यावर पोटरीचे स्नायू काढते मी. तुमच्या पायाला हात लावला त्याला किती वर्षं झाली, आठवत नाही."

सरांनी पाय तसाच तिच्या मांडीवर राहू दिला. विशाखाच्या क्लासमधून येणारा फोन वाजत राहिला. ते उचलणार, तेवढ्यात त्यांना दिसलं, भिंतीला टेकून विशाखाला झोप लागली होती, हात तसाच पोटरीवर. त्यांनी फोन वाजू दिला.

पाय बरा होईपर्यंत पहाटेची बॅच एका तरुण सरांकडे गेली, ती गेलीच. रेणुकादास सरांना ते लागलं. पण हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते उजेड पडेपर्यंत झोपले, आणि उठल्यावर बॅच गेल्याचं वाईट वाटून घ्यायची ताकदही अंगात नव्हती.

महिन्यानं दोघं मिळून मैदानावर गेले. आधी सावकाश चालले. मग कुंपणाच्या कठड्याला धरून घोटे फिरवले, गुडघे उचलले. विशाखाला मधेच जांभई आली. सर म्हणाले, "आज एवढंच पुरे का?"

"थोडं पळू. तुमचं अंग गरम झालंय आता."

ते अगदी हळू पळाले. सरांना दम लागला तशी विशाखा थांबली, कमरेवर हात ठेवून त्यांची वाट बघत राहिली. फेरी पुरी झाल्यावर दोघं पायरीवर बसले. बोलायला खूप काही होतं, पण दोघंही थकले होते. नुसतेच बसून राहिले. त्या दिवशी दोघांनाही कामावर पोचायला उशीर झाला.