नऊ फेऱ्यांचा थांबा

हे कुणाला खरं वाटायचं नाही. आजवर सतरा जणांना सांगून झालं; सोळा हसले आणि सतराव्याला ऐकू येत नव्हतं. तरी सांगायचं, कारण साम्फ्याच्या धक्क्यावर जाळी सांधत बसलं की हात गुंततात आणि कान मोकळे राहतात. चिबेसा, तूही ऐक. चर्चमध्ये गातेस म्हणून सगळं काही तुलाच ठाऊक नसतं.

"ऐकतेय, आजोबा," चिबेसा म्हणाली. "आज किती खोटं सांगणार, तेवढं आधी सांगा."

तर चिलेक्वा. तळ्यातल्या बेटांना जाणाऱ्या बोटीचं इंजिन त्यानं तीस वर्षं सांभाळलं. इंजिन कुरकुरलं की तो कान लावत नसे. अनवाणी पाय फळीवर टेकवायचा आणि कुठला नट सैल आहे ते सांगायचा. निवृत्त झाला आणि पायाखालची ती थरथर गेली. मग बायको गेली. देवाघरी नव्हे, लुसाकाला, मुलीच्या बाळंतपणाला. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, तिला दुसरं वर्ष संपलं, कारण पहिल्याच्या पाठीवर मुलीला जुळं झालं. रविवारी फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो." तेवढ्यात मागं कुठलंतरी पोर भोकाड पसरायचं आणि बोलणं तिथंच संपायचं.

जेवत होता, हे खरं. पण एकट्यापुरता मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटणं फार अवघड. पीठ कितीही कमी घ्या, होतो दोघांचाच.

अशात चर्चमधला बास गिटार वाजवणारा कुंदा खाणीवर नोकरीला गेला. गायनाच्या प्रमुख बाना कापुफी यांनी गिटार चिलेक्वाच्या घरी आणून ठेवली, कारण त्याचं छप्पर गळत नव्हतं.

"वर्धापनदिनाला खाणीकडचं नवं गाणं बसवतोय," त्या म्हणाल्या. "इथं अजून कुणी ऐकलेलंही नाही. वाजवणारा मिळेपर्यंत हिला उंदरांपासून जपा, बा चिलेक्वा."

"आणि मीच वाजवली तर?"

"तुम्ही? या की मग. महिन्याभरानं शनिवारी या सरावाला, बघू."

शनिवारी सराव संपला की गाणारे सगळे एका मोठ्या पातेल्याभोवती जेवायला बसत. खरं सांगायचं तर चिलेक्वाला गिटारीपेक्षा ते पातेलं हवं होतं. पण उगाच जाऊन बसणार कसा?

मुलीनं पाठवलेल्या फोनवर त्याला नेमका त्याच गाण्याचा धडा सापडला. एक चष्मेवाला मास्तर खुर्चीत बसून कुठल्या तारेवर कुठलं बोट ठेवायचं ते दाखवायचा. आता फोनचा आवाज तो केवढा. बासचा जाड सूर त्यातून निघतोय कुठला? ऐकू यायची ती नुसती टकटक, पत्र्यावर कोंबडी दाणे टिपते तशी. गिटारीचा स्पीकर चर्चमध्ये कुलपात. तेव्हा चिलेक्वानं गिटारीचं टोक पलंगाच्या लाकडाला टेकवलं आणि अनवाणी बसला, बायको झोपायची त्या बाजूला. तार छेडली की सबंध पलंग घुमायचा. पाय कित्येक महिन्यांनी पुन्हा जागे झाले.

ती थरथर पलंगाच्या पायांतून जमिनीत गेली आणि जमिनीतून तळ्यात. शेजारणीच्या कोंबड्या दिवसाला दोन-दोन अंडी घालू लागल्या. मासे तर ओळीनं काठाला येऊन उभे राहायचे.

"त्या महिन्यात मासेमारी बंद होती, आजोबा."

म्हणूनच तर आले. एरवी त्यांना सवड असते कुठं?

तर धडा. तो रोज एकाच जागी अडायचा. मास्तर बोट वर उचलायचा आणि तसाच गोठायचा, आणि त्याच्या छातीवर एक पांढरी चकती गरगर फिरत राहायची. आपल्याकडचं नेटवर्क तुम्हाला माहीत आहे. त्याला कुठं माहीत होतं? त्याला वाटलं, गाण्यातच इथं थांबा आहे आणि चकती दिलीय ती मोजायला. त्यानं मोजल्या, बरोबर नऊ फेऱ्या. मग तोही बोट वर धरून नऊ मोजायचा आणि पुढं वाजवायचा. त्या नऊ फेऱ्यांत घर इतकं गप्प व्हायचं की भिंतीवरची पाल श्वास घेताना ऐकू यावी. एकदा न राहवून त्यानं त्या गोठलेल्या मास्तरलाच विचारलं, "जेवलात का?" मास्तर बोलला नाही. पण फोनही ठेवला नाही.

महिना भरला. चिलेक्वानं सदऱ्याला इस्त्री केली, गिटार पाठीला लावली आणि चर्चला गेला. पहिली तार छेडली तशा खिडक्यांच्या काचा घुमू लागल्या. मग तो थांबा आला. त्यानं बोट वर धरलं. चाळीस माणसांनी श्वास रोखून धरला, झांजवाल्याची झांज हवेत राहिली, आणि नववी फेरी संपताच सगळे असे काही गायले की धक्क्यावरच्या चार होड्यांचे दोर सुटले. बाना कापुफी डोळे पुसत म्हणाल्या, "ही जागा तुमची, बा चिलेक्वा." मग त्याला पातेल्याजवळ मधोमध बसवलं, आणि तो इतका जेवला की पुन्हा न्शिमा घोटावा लागला. तेव्हापासून इथून मान्सापर्यंत ते गाणं कुणीही गावो, त्या जागी नऊ मोजल्याशिवाय पुढं जात नाही.

"खोटं," चिबेसा म्हणाली. तिच्या हातातली सुई थांबली होती. "मी होते त्या शनिवारी. ते आत आलेच नाहीत. आमचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं, तोवर दारात उभे होते, बोटांवर काहीतरी मोजत. मी जाऊन म्हटलं, या ना आत, निदान जेवायला तरी बसा. तर म्हणाले, 'तुमचं गाणं कुठंच थांबत नाही गं.' गिटार भिंतीला टेकवली आणि गेले."