बाटलीतली गोचीड

बाबांचा जलदान विधी झाला त्याच संध्याकाळी आईला ताप भरला. अंग ठणकत होतं, मनगटांवर लाल पुरळ उठलं होतं. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आमच्या द्वारका चौकातल्या डॉक्टर अश्विननी डेंग्यू समजून उपचार केले होते.

दुपारी बाबांचे कपडे आवरताना पँटच्या खिशात एक छोटी बाटली सापडली होती. स्पिरिटमध्ये एक गोचीड. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'मादी. येवला, ताईच्या शेळ्या. डाव्या पोटरीवरून काढली.' खाली तारीख. त्या आठवड्यात आई-बाबा दोघंही आत्याकडे राहून आले होते.

रात्री मी गोचिडीच्या आजारांविषयी वाचत बसले. गोचिडीच्या चाव्यातून माणसात शिरणारा रिकेट्सिया नावाचा जंतू, आणि वेळेवर दिल्या तर पुरेशा होणाऱ्या अगदी साध्या गोळ्या. बाबा कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. तीस वर्षं त्यांनी मुलांपुढे गोचिडीची स्लाइड मांडली. जंतू तेवढा त्या सूक्ष्मदर्शकांतून दिसण्यासारखा नव्हता.

बाटली दवाखान्यात दाखवली नाही का, असं आईला विचारलं. दाखवायलाच नेली होती, ती म्हणाली. पण अश्विनने भरल्या दवाखान्यात उठून त्यांना वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना सांगितलं, सरांनी मला प्राणिशास्त्र शिकवलं. कॉलेजात बाबांना कोणी सर म्हणत नसे.

"घरी येऊन म्हणाले, आता त्याला काय शिकवायचं."

सकाळी मी आईला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. अश्विन तिच्याही पाया पडला, सध्या साथच आहे म्हणाला आणि लिहायला लागला. आई मान डोलावत होती. मी बाटली टेबलावर ठेवली. रांगेतली माणसं दारातून बघत होती.

चिठ्ठी चार ओळींची होती. त्याला वाचायला बराच वेळ लागला.

"सर मला हे बोलले नाहीत."

"तुम्ही त्यांना सर म्हणालात," मी म्हटलं.

त्याने लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आईने स्वतःहून भाकरी मागितली, अर्धी खाल्ली आणि मग मला सुनावलं, "एकच पोरगा त्यांना मान देत होता. त्यालाही चारचौघांत खाली बघायला लावलंस."

पुढच्या तपासणीला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, असं मी सुचवलं. तिने ऐकलं नाही. अश्विनला वाईट वाटेल, म्हणाली.