आधी दोष

पाण्याचा ग्लास अजून माझ्याच हातात होता, मृणाल सोफ्यावर नीट टेकलीसुद्धा नव्हती, आणि आमच्या ह्यांनी स्वतःच्याच कॅमेऱ्याची निंदा सुरू केली.

"आधी दोष ऐकून घे," हे म्हणाले. "गुण नंतर सांगतो. गुण ऐकल्यावर माणूस दोष ऐकत नाही."

आता तुम्हीच सांगा, वस्तू आपण विकायला काढलीय, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात टाकून एकुलतं एक गिऱ्हाईक मिळालंय, ते बिचारं नोएडाहून मेट्रोने मयूर विहारला आलंय, त्याला चहा तरी घेऊ द्यावा की नाही? पण फरीदाबादच्या कारखान्यात खरेदी विभागात सगळी नोकरी काढलेला माणूस हा. जगातल्या प्रत्येक गोष्टीचे आधी दोष, मग गुण, मग निर्णय. आमच्याकडे मिक्सर आला तो असाच आणि आमच्या मुलाची, राघवची, शाळा ठरली तीही अशीच.

मला बघायला पुण्याला आले होते तेव्हाही तेच. माझ्या वडिलांना म्हणाले, आधी माझे दोष सांगतो. दिल्ली सोडता येणार नाही, पगार बेताचा आहे, आणि मी फार बोलतो. वडिलांनी हसून विचारलं, मग गुण काय? तर म्हणाले, खोटं बोलत नाही. वडील खूश. हा गुण रोजच्या संसारात वापरला की किती ताप होतो, ते मला दिल्लीला आल्यावर कळलं.

तर कॅमेऱ्याचे दोष. अंधारात कामाचा नाही. संध्याकाळी दिवा लावून फोटो काढायला गेलं की रंग विटतात. एक फोटो काढला की तो आत साठवून होईपर्यंत ताटकळत बसायचं. बॅटरी बघता बघता संपते. व्हिडिओ नाही. लेन्स त्याच कंपनीच्या, आणि कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलंय. हात हलला तर सावरून घेणारी यंत्रणा आत नाही. हे शेवटचं सांगताना ह्यांचा आवाज जरा खाली आला. उजवा हात स्वेटरच्या खिशात होता, तो तिथेच राहिला.

"अच्छा," मृणाल म्हणाली. तिशीतली असेल, गोड मुलगी. नोएडाच्या एका ऑफिसात जुन्या हातमागाच्या साड्यांचे फोटो काढते, छापील पुस्तकांसाठी. "आणि गुण, काका?"

"एकच. इतर कॅमेऱ्यांत प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो आणि बाकीचे अंदाजानं भरतो. याच्या आत तीन थर आहेत, एकाखाली एक. त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला तिन्ही रंग खरेखुरे मिळतात. भरपूर उजेड असेल आणि समोरचं हलत नसेल, तर हा अंदाज करत नाही."

मग त्यांनी तिला लॅपटॉपवर फोटो दाखवले. जामा मशिदीच्या पायऱ्या, लोधी गार्डनमधलं भिंतीवरचं शेवाळ, आमच्या देवघरातली पितळी समई, माझी पैठणी दोरीवर वाळत घातलेली. पैठणीच्या पदराचा एकेक धागा मोजून घ्यावा असा. मृणाल पुढे सरकून बघतच राहिली. तिच्या साड्या हलत नाहीत, तिला दुसरं काय हवं?

"काकू, तुमचे नाहीत का यात?" तिनं सहज विचारलं.

आहेत ना. पुष्कळ आहेत. पण एकाही फोटोत मला नाक-डोळे धड नाहीत. चेहरा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा. या कॅमेऱ्यापुढे दम धरून उभं राहावं लागतं आणि दम धरणं माझ्या स्वभावात नाही. हे बाल्कनीत मला उन्हात उभी करणार, हनुवटी वर कर, खाली कर, आणि नेमकी कुकरची शिट्टी होणार, नाहीतर कचरेवाला बेल वाजवणार. खट्ट आवाज होतो न होतो तोच हे म्हणणार, हललीस. मी म्हणणार, अजिबात नाही, तुमचाच हात हलला. हलले असले तरी मी कधी कबूल केलं नाही, आणि त्यांनी कधी माघार घेतली नाही. आमच्या घरातलं हे नेहमीचं भांडण. राघव लहान असताना मधे उभा राहून म्हणायचा, चलो, दोघंही आउट.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तेव्हापासून हे भांडण बंद झालं, कारण कॅमेरा कपाटातून बाहेरच आला नाही. घरी येताना रिक्षात ह्यांनी मला एकच सांगितलं, कुणाला कळू द्यायचं नाही. राघवला बंगलोरला नाही, सोसायटीत तर नाहीच. विचारलं तर म्हणायचं, थंडी आहे. दिल्लीची थंडी सोयीची असते, सगळेच थरथरत असतात. उन्हाळा आला की काय सांगायचं, हे मी विचारलं नाही. जन्मभर खरं बोलून मला वात आणलेला माणूस एवढंच एक खोटं मागत होता, त्याला नाही कसं म्हणू?

त्यानंतर ते माझ्याबरोबर जेवायचेही थांबले. तू घे जेवून, मला भूक नाही अजून, असं म्हणायचे. मग टीव्ही मोठा करून एकटे जेवायचे. आवाज कशासाठी मोठा केलाय ते मला समजत होतं. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत राहायची. किती पुसणार?

मृणालनं कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत ह्यांच्यापुढे धरला.

"काका, तुम्हीच एक काढून दाखवा ना. काकूंचा. याची सेटिंग्ज मला समजेनात, आणि माणसाच्या त्वचेचा रंग कसा येतो ते बघायचंय."

मी लगेच उठले. कॅमेऱ्याची तिपाई आहे वर माळ्यावर, काढू का, मी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खिशातून हात काढला आणि कॅमेरा घेतला. "एका फोटोला तिपाई कशाला?" म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. कुकरला नुकती वाफ धरत होती. मी गॅस बंद केला. बेलचं बटण भिंतीवर आहे, तेही बंद केलं. मग पदर नीट करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

बाहेर ऊन म्हणावं असं काही नव्हतं. आठवडाभर आकाश धुरानं मळलेलं होतं, समोरची इमारतसुद्धा फिकी दिसत होती. एवढ्या उजेडात हा कॅमेरा डोळा फार वेळ उघडा ठेवतो, एवढं ऐकून ऐकून मलाही कळत होतं. मी कठड्यावर हात ठेवला आणि श्वास रोखला. देवळात गाभाऱ्यासमोरही मी कधी इतकी स्तब्ध उभी राहिले नसेन. मनातल्या मनात म्हणत होते, देवा, एकच येऊ दे, एकच.

ह्यांनी कोपर छातीशी घट्ट दाबलं, खांदा दाराच्या चौकटीला टेकला. कॅमेऱ्याची पुढची कड तरीही हलत होती. मी ती बघत होते आणि पापणीही लववत नव्हते. खट्ट झालं. मग फोटो साठवला जाण्याची वाट बघत तिघंही उभे.

मृणालनं पडद्यावर पाहिलं. मोठा करून पाहिला. तिची भुवई वर गेली.

"थोडा हललाय," ती म्हणाली, आणि जरा अवघडून, "काका, आतला आरसा वगैरे सैल झालेला नाही ना? म्हणजे बरेच दिवस वापर नसेल तर होतं असं."

 ह्यांच्या मनात काय चाललंय ते मला लख्ख दिसत होतं. गप्प राहिले तर बिनदोष कॅमेऱ्यावर आळ येणार, आणि बोलले तर ते बोलायचं जे आम्ही राघवलाही सांगितलं नव्हतं. परक्या मुलीसमोर माझ्या नवऱ्यावर ही वेळ यावी, हे मला सहन झालं नाही.

"अगं, मी हलले," मी म्हणाले. "मी नेहमीच हलते. विचार ह्यांना."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य ऐकायला त्यांनी काय काय केलं होतं. मला वाटलं, हसतील, निदान मान तरी डोलावतील आणि विषय संपेल.

"नाही," ते म्हणाले. "ही हलली नाही."

मृणाल एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली.

"आरसा घट्ट आहे, कॅमेऱ्यात काही दोष नाही," हे म्हणाले. आवाज खरेदी विभागातलाच, सावकाश. "माझा हात कापतो. कंपवात आहे मला. म्हणून विकतोय. हे आधीच सांगायला हवं होतं, राहून गेलं."

त्यांनी हात पुढे धरला, तिला दिसावा असा. मृणालचे डोळे भरून आले, पण पोर शहाणी. ठरलेले पैसे दिले, कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला, बॅगेत ठेवला. तो फोटो पुसू का, असं तिनं जाताना विचारलं. हे म्हणाले, तो राहू दे, पाठव आम्हाला. दारात ती दोघांच्याही पाया पडली. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हे उंबऱ्यात उभे होते. कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा तिच्या खांद्यावर जरा लांब होत होता. तो आखूड करून घे, एवढं मात्र त्यांनी तिला सांगितलं.

मी आत जाऊन कुकर उघडला. वरण आधीच झालं होतं, भात मात्र अर्धाकच्चा होता. परत गॅस लावायला निघाले तर हे मागे येऊन उभे.

"कुकर बंद केला होतास?"

"हो."

"बेलही?"

मी काडेपेटी शोधत राहिले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"असू दे. तसाच वाढ," ते म्हणाले. "दोघांचं ताट घे."

ते माझ्यासमोर टेबलाशी बसले. टीव्ही लावला नाही. त्यांनी उजव्या हातात चमचा घेतला. तो ताटाच्या कडेवर टकटक वाजत राहिला, वरण थोडं टेबलावर सांडलं, त्यांनी पुसलं नाही. भात दातांखाली कचकच लागत होता. मी त्यांच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं आणि जेवायला बसले.