मला धुकं दिसत नाही

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका. गाडीच्या पुढच्या काचेला, वर आरशाच्या मागे रुपयाच्या नाण्याएवढा एक काळा ठिपका चिकटवलेला असतो ना, तोच मी. जाणकार मला सेन्सर म्हणतात. बाकीचे काहीच म्हणत नाहीत, कारण मी तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नसतं.

काम माझं अगदी साधं. अंधार पडला की गाडीचे दिवे लावायचे, उजेड झाला की मालवायचे. त्यामुळे लोकांना वाटतं, मला डोळा आहे. अहो, कसला डोळा! माणूस, म्हैस, खड्डा, पोलीस, मला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. बाहेर उजेड किती आहे, एवढंच कळतं. कान मात्र तिखट आहेत. पुढे जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं.

आणखी एक आधीच कबूल करून टाकतो. मी भित्रा आहे, आणि तो अगदी जन्मापासून. कारखान्यात माझी परीक्षा झाली ती अशी: माझ्यावर झाकण ठेवलं, मी दिवा लावला. झाकण काढलं, मी दिवा मालवला. तपासणारी बाई म्हणाली, "पास." झालं! दोन प्रश्नांच्या परीक्षेत पास झालेल्याच्या हाती अख्ख्या गाडीची जबाबदारी दिली. तेव्हा जी भीती बसली ती आजतागायत गेलेली नाही.

मी ज्या गाडीत बसलो ती अनिमेषने आपल्या आईवडिलांसाठी घेतली. तो राहतो ठाण्यात, खोपटला. सुधीरराव आणि सरोजबाई राहतात ठाकुर्लीला. गाडी पांढरी घेतली, अंधारात उठून दिसावी म्हणून. शोरूममध्ये नारळ फुटला, सरोजबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि अनिमेषच्या सात वर्षांच्या श्रियाने विचारलं, "आजोबा, हिला डोळे आहेत?"

"आहेत ना," अनिमेषच म्हणाला. "अंधार झाला की लाईट आपोआप लागणार. बाबा, मागच्या गाडीत एकदा खोपटपासून ठाकुर्लीपर्यंत बिनलाईटचे आलेलात, आठवतंय?"

"रस्त्यावर दिवे होते रे," सुधीरराव पुटपुटले.

"तेच तर. आता टेन्शनच नको." मग चर्र असा आवाज झाला. स्टिअरिंगजवळ दिव्यांची जी दांडी असते, ती त्याने 'ऑटो'वर ठेवून वर चिकटपट्टी गुंडाळली. "याला हात लावायचा नाही. लाईटचं गाडी बघून घेईल."

गाडी म्हणजे मी. माझी काय अवस्था झाली असेल, विचार करा.

सुरुवातीचे महिने बरे गेले. पुलाखाली गाडी शिरली की मी दिवे लावायचो, बाहेर आली की थोडं थांबून मालवायचो. थांबायचो एवढ्यासाठी की झाडाच्या सावलीला रात्र समजून उगाच उघडझाप नको. पावसाळ्यात दुपारी तीनला आभाळ काळं व्हायचं, मी दिवे लावायचो, आणि पाऊस ओसरून पुरतं उजाडेपर्यंत ते चालूच राहायचे. मग पत्रीपुलावर हमखास कुणीतरी बाईकवाला ओरडायचा, "ओ काका, लाईट चालू आहे!" त्यावर सुधीरराव ऐटीत उत्तर द्यायचे, "ऑटो आहे ती!" माझी इतकी तारीफ कुणी केली नव्हती. ती ऐकून मला आनंदापेक्षा धडकीच भरायची.

कारण हळूहळू एक गोष्ट माझ्या कानावर येऊ लागली होती. सिग्नलला गाडी थांबली की सरोजबाई गप्पा मारता मारता म्हणायच्या, "हिरवा झाला हं." वळणावर म्हणायच्या, "डावीकडून रिक्षा येतेय बघा, किती घाई!" सहज बोलल्यासारखं. पण एकही सिग्नल त्यांनी सोडला नाही, एकही रिक्षा सोडली नाही. मग एका संध्याकाळी बिल्डिंगखाली गाडी बंद झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "डोळे दाखवून या ना एकदा."

"दाखवलेत," सुधीरराव म्हणाले. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. अनिमेषला कळलं तर आधी चावी काढून घेईल. मग तुझं टिटवाळ्याचं काय?"

टिटवाळ्याला सरोजबाईंची थोरली बहीण रमाबाई अंथरुणाला खिळलेली होती. दर गुरुवारी सरोजबाई तिला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या. स्वतःचे गुडघे असे, की स्टेशनचा जिना चढणं शक्य नाही. गाडी थांबली तर गुरुवार थांबणार होता.

मी मात्र गारठलो. ज्यांना धड दिसत नाही त्यांनी दिव्यांचं माझ्यावर सोडलं होतं, आणि मला तर काहीच दिसत नाही.

मग जानेवारीतला तो गुरुवार उजाडला. सकाळचे आठ वाजत आले होते. शहाड मागे पडलं, म्हारळ गेलं, आणि कांब्याजवळ, जिथे उल्हास नदी रस्त्याच्या जवळून वाहते तिथे, सरोजबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई! केवढं हे धुकं!"

धुकं. हा शब्द माझ्या परीक्षेत नव्हता. मला काय कळत होतं सांगू? उजेड. सूर्य वर आलेला, धुक्याच्या थेंबाथेंबातून तो उजेड चहूकडून माझ्यावर येत होता. पांढराशुभ्र उजेड. माझ्या हिशेबाने तो लख्ख दिवस होता, आणि लख्ख दिवसात दिवे लावायचे नसतात.

"अहो, दिवे लागलेत ना?"

"लागले असतीलच. समोर बघ ना, उजेड पडलाय थोडा."

तो उजेड हेडलाईटचा नव्हताच! गाडीच्या पुढे दोन बारीक दिवे असतात, ते दिवसभर नुसते जळत असतात. मागचे लाल दिवे मात्र माझ्या हुकमाशिवाय लागत नाहीत, आणि मी हुकूम दिलेला नव्हता. पांढऱ्या धुक्यात पांढरी गाडी, मागे ठार काळोख. मला हे सगळं कळत होतं. तरी मला दिवे लावता येत नव्हते. ओरडायला तोंड नाही, आणि जे एक काम येतं ते उजेड करू देईना. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

"मला नाही खात्री वाटत," सरोजबाई म्हणाल्या. "ती दांडी फिरवा."

"अनिमेषने हात लावू नका म्हणून सांगितलंय. भलतंच काही झालं तर? मला नीट दिसतही नाहीये, सरोज." हे शेवटचं वाक्य ते मोठ्याने पहिल्यांदाच बोलले.

तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. अवजड गाडीची, भरलेल्या गाडीची. जवळ येत होती आणि तिचा वेग कमी होत नव्हता. कसा होणार? पुढे कुणी आहे, हे तिच्या ड्रायव्हरला कुठे ठाऊक होतं?

सरोजबाईंच्या बांगड्या स्टिअरिंगवर खणखणल्या. नवऱ्याच्या हातांवरून त्या ओणव्या झाल्या होत्या. नखाने चिकटपट्टी ओरबाडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. निघेना. मागचा आवाज आता काचा थरथरवत होता. मग चर्र, आणि खट.

दिवे लागले. पुढचे, मागचे, सगळे.

त्यानंतर टायर असे किंचाळले की मला वाटलं, संपलं. हॉर्न वाजतच राहिला. मग तोही थांबला आणि कुणीतरी धावत खिडकीशी आलं.

"ओ काका! मागं लाईट नाय, काय नाय, कसं चालवताय? ऐन टायमाला लाल पेटलं म्हणून दिसलात. एक वीत ऱ्हायलंय बघा!" खडीच्या डंपरचा ड्रायव्हर होता तो. आवाज त्याचाही कापत होता. मग सरोजबाईंकडे बघून असेल, एकदम मऊ झाला. "मावशी, पाणी प्या. घाबरू नका. चला पुढं सावकाश, मी मागंच ऱ्हातो गोवेली फाट्यापर्यंत."

आणि तो राहिला. गोवेलीपर्यंत त्याची घरघर मागे होती. तीच घरघर, पण आता तिची सोबत वाटत होती.

घरी परतल्यावर सरोजबाईंनी काय करावं? ती सुरकुतलेली चिकटपट्टी पुन्हा दांडीवर नीट गुंडाळली. "अनिमेषला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "ताईला माझ्याशिवाय कोण आहे?" सुधीरराव फक्त हं म्हणाले. त्यानंतर दर गुरुवारी निघताना पट्टी निघायची, दिवे हाताने लागायचे, घरी आल्यावर पट्टी परत बसायची. मी गप्प होतो. गप्प राहणं हेच तर माझं नशीब.

फेब्रुवारीच्या एका रविवारी भल्या सकाळी अनिमेष गाडी न्यायला आला. त्याची स्वतःची गाडी गॅरेजमध्ये होती. श्रियाला मैत्रिणीच्या वाढदिवसाला मुरबाडजवळच्या फार्महाऊसवर पोचवायचं होतं. श्रिया मागे बसून गाणं म्हणत होती.

"कुठल्या रस्त्याने जाणार?" सुधीररावांनी विचारलं.

"कांब्यावरूनच. का? थोडं फॉग आहे म्हणतात, पण गाडी ऑटो आहे, काय प्रॉब्लेम नाही."

सरोजबाईंनी नुसतं "अहो" म्हटलं, आणि तो "अहो" नको म्हणणारा होता की सांगा म्हणणारा, मला कळलं नाही.

सुधीररावांनी दार उघडलं आणि पट्टी ओढली. या वेळी चर्र झालं नाही, नुसतं हलकं सर्र, इतकी ती सैल झाली होती.

"ही आधी काढलेली का?" अनिमेषने विचारलं.

मग सुधीरराव बोलले. डंपर, धुकं, मोतीबिंदू, काही लपवलं नाही. "हिला फक्त उजेड-अंधार कळतो रे. धुकं कळत नाही. दिवे हाताने लाव. माझी नात आहे मागे." आणि शेवटी म्हणाले, "चावी आता तुझ्याकडेच राहू दे."

मग खट असा आवाज आला. दिवे अनिमेषने हाताने लावले होते.

चावी तेव्हापासून त्याच्याकडे आहे. पुढच्या महिन्यात सुधीररावांचं ऑपरेशन आहे. पहिल्या गुरुवारी कुणीच आलं नाही आणि मी कव्हरखालच्या अंधारात रमाबाईंच्या काळजीने झुरत बसलो. दुसऱ्या गुरुवारी अनिमेष रजा घेऊन आला. सुधीरराव मागे बसले, सरोजबाई पुढे, त्यांच्या नेहमीच्या जागी.

शहाडच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "हिरवा झाला हं."

"आई, दिसतंय मला," अनिमेष म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं. मागून हॉर्न वाजू लागले तरी त्याने गाडी हलवली नाही. "किती दिवस सांगत होतीस हे बाबांना?"

"दोन वर्षं. जुनी गाडी होती तेव्हापासून," सरोजबाई म्हणाल्या.

माझी भीती काही गेलेली नाही. जाणारही नाही. पुन्हा थंडी येईल, पुन्हा नदीवरून ते पांढरं वर येईल, आणि मला पुन्हा लख्ख दिवसच वाटेल. म्हणून हात जोडून सांगतो, हात नसले तरी. बाहेर पांढरं होऊ लागलं तर माझ्या भरवशावर राहू नका. दांडी स्वतः फिरवा. आणि शेजारी बसलेलं माणूस दिव्यांबद्दल विचारत असेल, तर आधी त्याचं ऐका.