लागला का?

“त्या खोलीत कोण पाहुणा बसलाय गं? दिवा कुणासाठी जळतोय?”

हा मावशीच्या नवऱ्याचा आवाज. तो जाऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी रिकाम्या खोलीतून बाहेर पडताना तो आवाज पाठीमागून येई आणि तिचा हात आपसूक बटणाकडे जाई. राग नसे त्या आवाजात, थट्टाच असे. एकुलत्या एका लेकीला तर त्याने विजेचं असं वेड लावलं, की ती शिकून वायरमन झाली. ‘ठिणगी’ म्हणायचा तो तिला. पुढे तेच नाव पडलं.

ठिणगी कारखान्याच्या वसाहतीत राहायची, सुट्टीला घरी यायची. आली की पाणी प्यायच्या आधी घरभर फिरून वीज खाणारे चोर पकडायची. टीव्हीचा जागा राहिलेला लाल ठिपका, भिंतीला उगाच लटकणारा चार्जर, फ्रिजच्या दाराचं ढिलं पडलेलं रबर. हल्ली मात्र घरात चोर सापडेनासे झाले होते. आई दिवेलागणीनंतरही अंधारातच भाजी निवडायची, अंधारातच जेवायची. समोरची शेजारीण म्हणायची, मावशींकडे वीज माहेरपणाला येते, कामाला कुणी लावतच नाही तिला. मावशी हसून सोडून द्यायची. ठिणगी तर कामावर छाती पुढे काढून सांगायची, वीज वाचवावी तर माझ्या आईनं.

खरं कारण मावशीच्या पोटात होतं. तिची नजर गेली होती.

आधी कडा गेल्या, जुनं लुगडं काठाकडून विरावं तशा. मग मधलंही विरलं. एका डोळ्यात भर दुपारच्या उन्हाचा धुरकट डाग तेवढा उरला होता, दिव्याचा उजेड तिथवर पोचत नसे. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने घरी येऊन शेजारणीला चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून घर पाठ करायला घेतलं. मिठाची बरणी भिंतीकडे, साखरेची अलीकडे. दारापासून पलंग, पलंगापासून माठ. आणि दिवा तिला कानाने दिसू लागला. बटण खट् वाजलं की लागला, पुन्हा खट् वाजलं की मालवला. लेक घरी असली की मावशी त्या खटक्यांवर जगायची.

लपवण्याचं कारण एकच. ठिणगीला दूरदेशी काम मिळालं होतं, भर समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांवर. त्या तुकडीत ती एकटीच बाई. लवकरच निघायचं होतं. आईचे डोळे गेल्याचं कळलं असतं, तर पोरीने बॅग उघडून कपडे गुपचूप कपाटात परत ठेवले असते आणि जन्मात पुन्हा समुद्राचं नाव काढलं नसतं. मावशीला ते नको होतं. निदान तसं ती मनाला बजावत होती. भांडी घासताना ओठांत एक ओवी घोळवायची, स्वतःलाच दटावायला:

लेक निघाली गं दूर, मागे हाक मारू नये,
पाखराच्या पंखावर ओझं माझं टाकू नये.

जायच्या आदल्या दिवशी सकाळीच ठिणगीने शिडी काढली. मधल्या बिनखिडकीच्या खोलीत तिला नवा दिवा बसवायचा होता, माणूस आलं की आपोआप लागणारा आणि गेलं की आपोआप मालवणारा. आता बटण शोधायला नको की विसरायला नको, म्हणाली, बाबा असते तर नाचले असते.

बटण नाही म्हणजे खटका नाही. जुनंच बरं आहे गं, असं मावशीने म्हणून पाहिलं. ठिणगीने ऐकलं नाही. अंधारात धडपडून तुझे हात बघ कसे काळेनिळे झालेत, म्हणाली. एवढी काटकसर काय कामाची?

ती शिडीवरून उतरली आणि जिन्यातल्या मीटरपाशी गेली. मेन स्विच वर गेल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात फ्रिज पुन्हा गुरगुरू लागला.

“आई, लागला का?”

मावशी खोलीच्या मधोमध उभी होती. फ्रिज बोलतोय म्हणजे वीज आली. वीज आली आणि खोलीत माणूस आहे, म्हणजे दिवा लागलेलाच असणार.

“लागला गं,” ती म्हणाली. आणि उगाच वर दोन शब्द जास्तीचे: “अगदी लख्ख.”

पावलं आली आणि दारात थांबली. मावशीने चेहरा छताकडे केला, उजेड टोचल्यासारखे डोळे किलकिले केले. पावलं पुढे येईनात.

“आई.” लेकीचा आवाज पार खाली गेला होता. “तार सुटलीय कुठेतरी. दिवा लागलाच नाही.”

एखादी थट्टा सुचली असती तर वेळ निभावली असती. ठिणगी जवळ आली. तिच्या हलत्या हाताचा वारा मावशीच्या तोंडावर आला.

“कधीपासून?”

मग मावशीने सांगितलं. विरलेल्या कडा, डॉक्टर, बरण्या, खटके. ठिणगीच्या हातातली पकड फरशीवर वाजली आणि ती तिथेच खाली बसली.

“आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, माझी आई वीज वाचवते.” ती हसायला गेली, पण हसू मध्येच फुटलं. “एवढं सगळं पाठ केलंस, मी जावं म्हणून. मी गेलेलं चालणार होतं तुला? हिला थांबव, असं एकदाही वाटलं नाही?”

उत्तर तयार होतं. जा बाई, माझं काय, शेजारीण आहे, दिवस काय, बघता बघता जातात. घराबरोबर मावशीने तेही पाठ केलं होतं. पण तोंड उघडलं आणि त्यातलं अक्षर आठवेना. ती चाचपडत खाली बसली. हात पुढे केला. केस लागले, कपाळ लागलं, मग ओला गाल. हा चेहरा शेवटचा नीट कधी पाहिला, तेही तिला सांगता आलं नसतं.

“रोज वाटलं,” ती म्हणाली. “जाऊ नकोस गं. मला एकटीला फार भीती वाटते.”