गरम काका

"मंग? पडला का पूल?" पंपाच्या नळीत फुंकर मारून जानरावाने विचारलं.

"पडला. उद्घाटनाच्या तोंडावर पडला." बबनरावाने पेपर उजेडाकडे धरला. "जीवितहानी नाही. अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा दाखल."

जानरावाने नळी खाली ठेवली. बाकावरची गिऱ्हाइकं सरसावून बसली, कारण नळी खाली आली की पुढे काय होतं हे सगळ्यांना पाठ होतं.

"अज्ञात? फीत कोन कापनार थे माहित. हार कोनाच्या गळ्यात पडनार थे माहित. नारळ कोन फोडनार, थेबी माहित. अन् सिमेंट कोनं खाल्लं थे तेवढं अज्ञात? पूल काय भुताईनं येऊन बांधला का रातीतून? अन् भुतानं बांधला असता त टिकला असता. भूत टक्का मागत नाई."

गिऱ्हाइकं हसली. जानराव मात्र हसला नाही. त्याच्या कपाळावरची शीर तटतटली होती. नळी उचलून त्याने असा काही पिळा दिला की पितळेचा आटा करकरला.

रिसोडच्या बसस्टँडजवळ जानरावाचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा आणि समोर एक बाक. तिथला रिवाज असा होता की जानरावाचे हात कामात गुंतलेले, म्हणून बसलेल्याने पेपर वाचून दाखवायचा. बहुतेक वेळा वाचणारा बबनराव असे. तो जानरावाच्याच गावचा. सकाळी दूध घालायला स्कूटरवर यायचा, येताना जानरावाला मागे बसवायचा आणि दिवस कलला की परत न्यायचा. मधला सगळा वेळ बाकावर. पेपरातली बातमी आपल्याला उद्देशून लिहिली आहे आणि तिला उत्तर देणं आपलं काम आहे, असं मानणारी माणसं आता फार राहिली नाहीत. आपण बाकीचे वाचतो आणि त्याच कागदात भजी बांधून नेतो. जानराव उत्तर द्यायचा.

रस्त्यावर कॅमेरे बसले, हेल्मेट नसलं की दंड घरपोच येणार, अशी बातमी आली. जानराव म्हणाला, "हेल्मेट नाई थे दिसते, अन् रस्त्यातला खड्डा दिसत नाई? थ्या कॅमेऱ्याले वर कायले टांगता? खाली पाह्यला लावा." घरोघरी स्मार्ट मीटर बसणार म्हटल्यावर म्हणाला, "मीटर शाहनं झालं, लाईन कव्हा शाहनी होईन? दिवसभर लाईन नसते अन् मीटर पळून राह्यलं. कायच्या भरवशावर पळते थे?"

शेजारी ऋषिकेशचं मोबाइलचं दुकान होतं. त्याने एक दिवस सहज हे बोलणं टिपलं आणि 'गरम काका' नावाने इंटरनेटवर टाकून दिलं. कॅमेऱ्याचा तो व्हिडिओ लाखांनी पाहिला. मग ऋषिकेशने रोजच मोबाइल लावून ठेवायला सुरुवात केली. कारंजा, मंगरूळपीर, पार अकोल्याहून पोरं जानरावाला पाहायला येऊ लागली. पंप दुरुस्त करायला नाही, पाहायला. येऊन उभी राहत आणि म्हणत, "काका, गरम व्हा ना थोडे."

सोजरबाईला हे मुळीच आवडलं नव्हतं. जेवायला वाढता वाढता ती नवऱ्याला म्हणाली, "लोक हासून राह्यले तुमाले."

"हासू दे. आयकून त राह्यले ना?"

"आयकून नाई राह्यले. पाहून राह्यले."

"तुले काय समजते त्यातलं," असं म्हणून जानरावाने भाकरीवर ठेचा ओढला. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. आयुष्यभर बाकावरच्या चार माणसांना सांगितलेलं आता लाखांना जात होतं. इतकी माणसं ऐकतात म्हटल्यावर कोणी तरी काही तरी करेलच, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि त्याला जे करून हवं होतं, ते अगदी एवढंसं होतं.

त्याच्या गावच्या नाल्यावर नवा पूल झाला होता. पूल चांगला दणकट, पण रस्ता त्याला जिथे मिळतो तिथला मुरूम पहिल्याच पावसाळ्यात खचला आणि डाव्या बाजूला गाडीचं चाक सहज जाईल एवढी कपार पडली. खाली नाल्यातले दगड. उजव्या अंगाने सांभाळून गेलं तर जाता येत होतं, म्हणून कोणाला घाई नव्हती. दोन टिप्पर मुरूम आणि वर काँक्रीट, एवढंच काम. देशातला कुठलाही पूल पडो, जानरावाचं बोलणं शेवटी या कपारीवर यायचं.

"माह्या पुलाचं टाकलं का रे?" तो ऋषिकेशला विचारायचा.

"टाकतो काका. थे जरा लांब होते. लोक सरकवून देतात."

"सरकवून म्हंजे?"

ऋषिकेशने काचेवर अंगठा वर सरकवून दाखवला. "असं. आवडलं नाई की पुढचं." मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "मोठ्या पुलाचं बोला ना तुमी, थे चालते. गावचं मी कापून टाकतो."

जानरावाला कसंसंच झालं, पण पोरगं रोज चहा पाजत होतं, लोक नाव घेत होते, आणि आपण रोज बोललो तर एखाद्या दिवशी कापायचं राहूनही जाईल, असं म्हणून त्याने विषय सोडला.

हरभऱ्यावर अळी पडली आणि पंपांची रीघ लागली तेव्हाची गोष्ट. दिवस लहान झाले होते. संध्याकाळी कारंजाहून चार पोरं गाडी करून आली. त्यांना जानरावाला घेऊन नवीन कायद्यावर काहीतरी करायचं होतं. दिवे लावले, शर्ट बदलायला लावला, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. बबनराव बाकावर बसून कंटाळला.

"तुमी जीपनं या जानराव. म्या निंगतो. म्हशी ओरडून राह्यल्या असतीन."

"थांबा ना, झालंच."

"तुमचं होत नाई आता लवकर. मोठे झाले तुमी," असं चेष्टेने म्हणून बबनरावाने स्कूटरला किक मारली.

मागून निघालेल्या जीपच्या उजेडात पुलाच्या तोंडाशी आधी दुधाची रिकामी कॅन दिसली. जानराव पुढेच बसला होता. स्कूटर कपारीत उभी अडकली होती आणि बबनराव खाली दगडांवर होता. त्याला वर काढला तेव्हा अंग अजून गरम होतं. रिसोडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते राहिलं नाही.

सकाळी बांधकाम खात्याची गाडी आली. ज्या खात्याने वर्षभरात मुरमाची एक पाटी पाठवली नव्हती, त्याने माणूस मेल्यावर इंजिनिअर पाठवला, सोबत फोटो काढणारा पाठवला, टेप धरणारे दोघे पाठवले. अख्खा गाव पुलावर जमला होता. साहेब वयाने तरुण होता, बोलायला सभ्य होता. त्याने कपारीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वाहनचालकाने वेग कमी ठेवायला हवा होता."

रात्रभर जानरावाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो पुढे झाला.

"साहेब, थो वेगात नव्हता. थ्याची स्कूटर वेगात जातच नाई. अंधार होता. इथी दगड लावला नाई तुमी, पट्टा लावला नाई, बल्ब नाई. वर्षभर झालं हे भोक हाय. तुमच्या हापिसात येऊन सांगतलं, तुमचा मानूस म्हने एस्टिमेट गेलं वर. कुठी गेलं वर? बबनराव गेला वर. तुमचं एस्टिमेट कुठी बसलं हाय थे सांगा."

गर्दीत कोणी तरी फस्सकन हसलं. जानरावाने मान वळवली तर चार-पाच मोबाइल त्याच्यावर रोखलेले. ओळखीचीच पोरं. काल रात्री यातल्याच दोघांनी बबनरावाला खांदा देऊन नाल्यातून वर आणलं होतं.

साहेब त्याच्याकडे निरखून पाहत होता. मग त्याचा चेहरा खुलला.

"एक मिनिट. तुम्ही गरम काका ना? कॅमेरा खाली पाहायला लावा, ते तुमचंच? अहो, माझा मुलगा घरी तुमची नक्कल करतो."

आता मात्र पुष्कळ जण हसले. वाईट मनाने कोणी हसलं नाही. आपल्या गावचा माणूस साहेबाने ओळखला म्हणून हसले. पण ज्या मातीवर बबनरावाचं रक्त वाळून काळं पडलं होतं, तिच्यावर उभं राहून हसले. जानरावाच्या अंगाचा भडका उडाला. तो ओरडायला लागला. मानूस मेला हाय इथी, मानूस, असं तो ओरडत होता, आणि जितका तो ओरडत होता तितके मोबाइल वर येत होते. साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शांत व्हा काका. लक्षात आलंय माझ्या. काम होऊन जाईल." आणि जाता जाता, अगदी आदराने, "एक फोटो घेऊ का तुमच्यासोबत?"

जानरावाला उत्तर सुचलं नाही. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. फोटो निघाला.

तो व्हिडिओ दुपारपर्यंत सगळीकडे फिरला. 'बबनराव गेला वर' या वाक्यामागे कोणी तरी ढोलकी वाजवली होती. जानराव रिसोडला येऊन तरातरा ऋषिकेशच्या दुकानात गेला.

"काढ थो."

"म्या नाई टाकला काका. आईची आन. कोनं टाकला माहित नाई."

"तू मले गरम काका केलं. थे पोट्टे तुह्याचमुळं हासून राह्यले."

ऋषिकेशने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते, ते खोटे नव्हते. पण खरे असून उपयोगाचेही नव्हते. जानराव तसाच दुकानातून बाहेर पडला.

बबनरावाची बायको वैजयंती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूला बाया होत्या. जानराव दारात उभा राहिला. साहेबाला कसं झापलं, आता वाशिमला कलेक्टरपर्यंत जातो, तिथे तर असा बोलतो की पाहत राहतील, हे सांगायचं त्याने वाटेत ठरवलं होतं. त्याने तोंड उघडलं तशी वैजयंतीने हात वर केला.

"भाऊजी, तुमी आता काई बोलू नका."

"वैनी, म्या सोडत नाई त्याईले."

"तुमचा राग खरा हाय, मले माहित हाय. पन तुमी बोलले का लोक हासतात. त्याईचं नाव निंगालं का हासतात. माह्या भाच्याच्या मोबाइलवर आलं थे. ढोलकी वाजून राह्यली होती." तिचा आवाज चढला नाही. "त्याईचं नाव तुमच्या तोंडातून नका काढू."

जानराव उंबऱ्याशीच बसला. कोणी तरी पाणी आणून दिलं. ते त्याने न पिता खाली ठेवलं. साहेबाने, पोरांनी बंद केलं नाही ते त्याचं तोंड या बाईने एका वाक्यात बंद केलं होतं, आणि तिचं चुकलं असं त्याला म्हणता येत नव्हतं. राग तसाच छातीत होता, चांगला निखाऱ्यासारखा होता. तो बाहेर काढायला जे एक तोंड होतं, तेच लोकांनी खेळणं करून टाकलं होतं.

दुकान त्याने बंद केलं नाही. पंप येत होते, दुरुस्त होत होते. कोणी पेपर उघडला तर तो वॉशर कापत राहायचा. पोरं येऊन उभी राहायची, काका, नवा टोल आला, काका, कोर्टात आता मशीनच निकाल लिहिणार म्हणे, असं काहीबाही टोचून पाहायची आणि कंटाळून निघून जायची. आणि दिवस मावळायच्या आत तो पहिली मिळेल ती जीप पकडून गावाच्या पुलावर येऊन उभा राहायचा.

पुलाचं काम झालं नव्हतं. टेप धरणारे पुन्हा आले नव्हते. जानरावाने डाव्या अंगाला बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्या कोणी सरपणाला नेल्या. मग तो स्वतःच कपारीच्या तोंडाशी उभा राहू लागला. गाडी आली की हात आडवा करायचा, उजवीकडून घ्यायला लावायचा. मोटारसायकलवर बायकामाणसं असली तर त्यांना उतरवायचा. सोजरबाई डबा घेऊन यायची आणि थोडा वेळ त्याच्याजवळ उभी राहायची. पहिल्या काही दिवसांत पोरांनी मोबाइल काढले, "काका, बोला ना काई." तो म्हणायचा, "गाडी हळू घे." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेवढंच.

एका संध्याकाळी खात्याची गाडी आली. पलीकडच्या गावात कसलंसं भूमिपूजन होतं. काच खाली झाली आणि तोच साहेब हसून म्हणाला, "काय काका, ओळखलं का?" शेजारी त्याचा मुलगा होता, आठ-नऊ वर्षांचा. त्याने मोबाइल खिडकीतून पुढे धरला आणि जानराव कधी तापतो याची वाट पाहत राहिला.

जानरावाने साहेबाकडे पाहिलं. एवढं चांगलं उत्तर त्याला आजवर सुचलं नव्हतं. मग त्याने मुलाकडे पाहिलं. ते मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभं होतं, धड काही धरलेलं नव्हतं.

"लेकराले खाली बसवा," तो म्हणाला. "अन् माह्या मागं मागं या."

तो वळला आणि गाडीच्या पुढे चालू लागला. एक हात डावीकडे आडवा धरलेला, कपारीच्या बाजूला. ड्रायव्हरने गाडी त्याच्या मागे हळूहळू घेतली. पूल संपेपर्यंत जानरावाने हात खाली घेतला नाही.

मुलाने तो व्हिडिओ टाकला होता. एक म्हातारा माणूस पाठमोरा चालला आहे, एवढंच त्यात दिसतं. लोकांनी तो सरकवून दिला.